सोमूची चिटोरी

शाहूपुरी, कोल्हापूर
१८ ऑगस्ट २०२५

अक्का,

हे पत्र मी स्वतः लिहितोय. अक्षर ओळखलंस का ते कळव, कारण मला ते वाचता येत न्हाय.

फोनवर तुला अर्धंच सांगितलं. फोनवर माझा शब्द चुकतो, मग तू रडतीस आणि बोलणं तिथंच राहतं. जूनमध्ये मेंदूत रक्ताची गुठळी अडकली, तिनं हातपाय शाबूत ठेवले, बोलणं थोडं बिघडवलं आणि वाचणं तेवढं उचलून नेलं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, नाव लिहा. लिहिलं. म्हणाले, आता हे वाचा. मी बघत बसलो. मुंग्या चालल्यागत काहीतरी दिसत होतं. मला वाटलं, ह्यांनी कागद बदलला. रक्षिता शेजारीच होती. ती म्हणाली, "अहो, तुमचंच नाव हाय ते." हात लिहितो आणि डोळ्याला वाचता येत न्हाय, असं होतं म्हणे एखाद्याला.

दुकानाचं मला एवढं वाटत न्हाय. पाइप, एल्बो, व्हॉल्व्ह हाताला कळत्यात. बिलं रक्षिता बघती. घोर हाय तो चिटोऱ्यांचा. माझी खोड तुला ठाऊकच हाय. कॉलेजात पहिली एकांकिका लिहिली तवापासून, सुचलं की हाताला लागंल त्या कागदावर खरडायचं आणि खिशात टाकायचं. सुचलेलं थांबत न्हाय, अक्का. पाणी पिऊन येईस्तोवर जातं. मग रविवारी सगळी चिटोरी टेबलावर मांडायची आणि त्यातनं नाटक जुळवायचं.

आता पहिल्यापेक्षा जास्त सुचतंय. लिहितोबी. पण रविवारी मांडायला बसलो की सगळे कागद सारखेच.

मोबाइलवर बोलून ठेव, असं सगळे सांगत्यात. ठेवलं. परत ऐकलं तर कोणतरी दारू पिऊन बडबडतोय असं वाटलं. पुसून टाकलं. हातात पेन असलं की माझा शब्द चुकत न्हाय.

रक्षिताला माझं चिटोऱ्यावरचं अक्षर लागत न्हाय, लग्नापासून लागलेलं न्हाय. माझं अक्षर तू वळवलंस, हात धरून. तर चिटोरी तुला धाडतो. तू ती नीट अक्षरात उतरून पाठव, रक्षिता मला वाचून दाखवील. आमच्या ग्रुपच्या विजयसिंहला जानेवारीच्या स्पर्धेसाठी नवी एकांकिका पाहिजे, आणि मी देतो म्हणून बसलोय.

हे पत्र सरळ दिसत असंल तर त्याचं कारण रक्षिता. तिनं पुठ्ठ्यात ओळीएवढ्या फटी कापून दिल्यात. एकेका फटीत लिहीत खाली यायचं. ह्या एका पत्राला सकाळ गेली.

सोमू

•

गगनबावडा
२७ ऑगस्ट २०२५

सोमू,

अक्षर ओळखलं. 'ळ'ला अजून गाठ मारतोस. चौथीत त्यासाठी किती वेळा पुसायला लावलं होतं.

पत्र वाचलं आणि रडले नाही, हे मुद्दाम सांगते. इथे पाऊस अजून लागून आहे. लाईट दिवसातून कितीदा जाते ते मोजणं सोडलं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून आणि त्यात तुझे भावजी गेल्यापासून दुपार मोठी होते. तू काम दिलंस ते बरं केलंस.

तुझी चिटोरी खिडकीपाशी मांडली आणि उतरवली. रक्षिता, आता सावकाश वाच.

"घाट बंद. दरड. वळणावर चहाची टपरी. नवराबायको रोज स्टोव्ह पेटवतात. गाडी येणार नाही, दोघांना माहीत. कोण बोलत नाही."

"ती कप धुते. कुणी न प्यालेले."

"त्याला कुणी यायला नको आहे. हे तिला शेवटी कळतं."

हे तिसरं मी पुन्हा वाचलं. पुढे काय होतं ते मलाही हवं आहे.

एका चिटोऱ्यावर मात्र ओळीवर ओळ चढली आहे. 'पातेलं' एवढंच लागलं. चिटोऱ्यांवरही तो पुठ्ठा ठेवून लिहीत जा ना.

अक्का

•

शाहूपुरी
१४ सप्टेंबर २०२५

अक्का,

रक्षितानं वाचलं आणि मला माझं परत मिळालं. कप धुण्याचं मी साफ विसरलोतो. ऐकलं आणि पुढचा सगळा प्रवेश डोळ्यांसमोर आला, लगेच पाच-सहा चिटोरी झाली.

पुठ्ठ्याचं म्हणतीस ते खरं, पण पुठ्ठा शोधून, कागद सरळ करून, फट बोटानं चाचपून लिहायला बसेस्तोवर सुचलेलं निघून जातं. पत्राला पुठ्ठा चालतो, कारण पत्रात काय लिहायचं ते दोन दिवस डोक्यात असतंय. सुचलेलं तसं न्हाय. काल गिऱ्हाईकाला पाइप जोडायची फ्लँज काढून देत होतो आणि त्या टपरीवाल्याचं एक वाक्य आलं. तसंच पुठ्ठ्याच्या खोक्यावर लिहिलं आणि खोकं फाडून घेतलं. गिऱ्हाईक म्हणालं, "पावणं, बरं वाटत न्हाय का तुमाला?" मी म्हटलं, लई बरं वाटतंय.

सोबतच्या पाकिटात महिन्याचं सगळं हाय. विजयसिंह दोनदा येऊन गेला. त्याला घाटाची गोष्ट सांगितली. शब्द चुकत चुकत सांगितली, पण तो गप्प बसून ऐकत होता. तो कधीच गप्प बसत न्हाय, म्हणून मला कळलं की जमतंय.

लवकर धाड.

सोमू

•

गगनबावडा
२२ सप्टेंबर २०२५

रक्षिता,

हे पत्र तुझ्या नावावर टाकते आहे. सोमूला वाचून दाखवू नकोस.

पाकिटातली चिटोरी मला वाचता येत नाहीत. चष्मा बदलून पाहिलं, उन्हात धरून पाहिली. शब्दावर शब्द, त्यावर तिसरा. काही ठिकाणी पेन कागदाच्या बाहेर गेलं आहे आणि वाक्याचा शेवट तुमच्या दुकानातल्या टेबलावर राहिला असणार. पन्नासेक कागदांतून दोन वाक्यं हाती लागली. पहिल्या पाकिटापेक्षा हे फार वाईट आहे. मधल्या काळात काही झालं का? मला खरं सांग.

आणि त्याला काय कळवू तेही सांग. तो वाट बघत असेल.

पूर्णिमा

•

शाहूपुरी
२६ सप्टेंबर २०२५

अक्का,

शरणार्थ. तुम्ही विचारलं म्हणून लिहिते. ऑगस्टच्या शेवटी ह्यांना परत एक छोटा झटका आला. सकाळी चहाचा कप उजवीकडं ठेवला तर त्यांना दिसेना. दवाखान्यात नेलं, गोळ्या वाढवल्या. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, उजवीकडची नजर गेली आहे, लिहिणंही हळूहळू बिघडेल. ह्यांनी तुम्हाला कळवायचं नाही म्हणून शपथ घातली होती. ती आज मोडली.

एक मागते. त्यांना वाचता येत नाही असं लिहू नका. तुमचं पाकीट यायचं असलं की ते सकाळी दाढी करतात, अक्का. बाकीच्या दिवशी मला मागं लागावं लागतं. पोस्टमन दिसला की कॅश काउंटरवरनं उठून उभे राहतात. तुमचं ऑगस्टचं पत्र मी परत वाचायला लागले की डोळे मिटून ऐकतात आणि मध्येच हसतात. जूनपासून हसलेला माणूस मी तेवढ्याच वेळी बघते.

तुम्ही शाळेत मुलांना गोष्टी सांगायचा. काहीतरी लिहा. जे लागलं ते लिहा, नाही लागलं तिथं तुमचं घाला. तुमच्यासारखं त्यांना ओळखणारं दुसरं कोण आहे? पाप असेल तर अर्धं माझ्याकडं.

रक्षिता

•

गगनबावडा
५ ऑक्टोबर २०२५

सोमू,

उशीर झाला, रागावू नकोस. चिटोरी पुष्कळ होती आणि इथे दोन दिवस एस.टी. बंद होती. आता लागलेली सगळी उतरवते.

"तो रेडिओ लावतो. घाट सुरू झाल्याची बातमी लागते, तो आवाज बारीक करतो."

"ती म्हणते, निदान दूध तरी कमी आणा. तो म्हणतो, आणि कुणी आलं म्हणजे? ज्याला कुणी यायला नको आहे, तोच हे म्हणतो."

"पत्र्यावर पाऊस. तो आतून काहीतरी बोलतो. तिला ऐकू येत नाही. ती व्हय म्हणते. तो पुन्हा बोलतो, ती पुन्हा व्हय म्हणते. तो निवांत झोपतो. आपण कशाला व्हय म्हटलं हे तिला कधीच कळत नाही."

या शेवटच्या चिटोऱ्याचं अक्षर फार घाईतलं होतं. एखादा शब्द इकडचा तिकडे झाला असेल.

पथ्य सांभाळ. रक्षिताचं ऐक.

अक्का

•

शाहूपुरी
११ नोव्हेंबर २०२५

अक्का,

दिवाळीचा फराळ पोचला. करंज्या विजयसिंहनंच संपवल्या.

एकांकिका झाली. मी बोललो, विजयसिंहनं उतरून घेतली. जिथं माझा शब्द अडला तिथं तो थांबला, एकदाबी आपला शब्द घातला न्हाय. तालमी सुरू झाल्यात. टपरीवालीचं काम तेजस्वी करती, बँकेत नोकरीला हाय, लई तयारीची पोरगी. पत्र्यावरच्या पावसाचा प्रवेश झाला की सगळे तोच परत करायला मागत्यात. विजयसिंह म्हणाला, "सोम्या, तीस वर्षांत असलं लिहिलं न्हाईस." मी म्हटलं, आजारी पडायला पाहिजे होतं आधी.

खरं सांगू, तो प्रवेश मी कधी लिहिला ते मला आठवत न्हाय. बाकीचं ऐकलं की हाताला ओळख पटती, कुठं उभा होतो, काय करत होतो ते येतं. ह्याचं काहीच येत न्हाय. पण मेंदूचाच तर आजार हाय म्हणून सोडून दिलं.

अजून चिटोरी धाडतोय. नाटक झालं म्हणून सुचायचं थांबलेलं न्हाय.

सोमू

•

शाहूपुरी
९ डिसेंबर २०२५

अक्का,

काल तालमीत पुढं बसलो होतो. तेजस्वी आतल्या माणसाला व्हय म्हणाली आणि म्हणताना तिनं हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. विजयसिंहनं सांगितलं न्हवतं, तिचं तिनंच केलं. तू तसंच टाकतीस. मग मला कळलं.

माझ्या घराला स्लॅब हाय. दुकानाला स्लॅब हाय. पत्र्यावरचा पाऊस मला कसा सुचंल? पत्र्याचं घर तुझं. आतल्या खोलीत शेवटचं वर्ष भावजी पडून होते, त्यांचा आवाज बसला होता. ते चिटोरं माझं न्हवतंच.

घरी आल्यावर रक्षिताला विचारलं. तिनं सगळं सांगितलं, लपवलं न्हाय. दोन वाक्यं माझी होती म्हणे. बाकीचं तू केलंस.

मी तुला माझं वाचायला दिलंतं, अक्का. लिहायला दिलं न्हवतं. तीस वर्षं माझ्याकडं तेवढंच हाय. दुकान आपल्या अप्पांचं, घर अप्पांचं. सुचलेलं तेवढं माझं. आता मी कुठला आणि तू कुठली, हे मला माझ्याच नाटकात कळत न्हाय. मी हसत बसलो ते ऐकून. माझंच म्हणून हसत बसलो.

भावजींना न ऐकता व्हय म्हणालीस. माझं न वाचता व्हय म्हणालीस.

विजयसिंहला सांगितलंय, नाटक बंद कर. फोन करू नको, मी घेणार न्हाय.

सोमशेखर

•

गगनबावडा
२० डिसेंबर २०२५

सोमू,

रोज फोन केला. आता लिहिते. रक्षिता, यातलं काही गाळू नकोस.

तुझं सगळं खरं आहे. रक्षिताला बोल लावू नकोस. तिनं विनवलं, पण पेन माझ्या हातात होतं.

त्या दिवशी तुझे भावजी आतून बोलले, मी भाकरी टाकत होते आणि पत्र्यावर पाऊस इतका की स्वतःचा आवाज येईना. तवा सोडून आत जायला हवं होतं, पण व्हय म्हटलं. ते पुन्हा काही म्हणाले, मी पुन्हा व्हय म्हटलं. संध्याकाळी ते गेले. पाच वर्षं मी हे कुणाला सांगितलेलं नाही. तुझी न लागणारी चिटोरी समोर होती, रात्रंदिवस तीच डोक्यात, आणि काय लिहावं सुचत नव्हतं, तेव्हा हे आपोआप आलं. तुझ्या नावावर खपवलं म्हणून लिहिता आलं. माझ्या नावावर कधीच आलं नसतं.

पुढचं सांगायला लाज वाटते, तरी सांगते. तेव्हापासून मला सुचायला लागलं. परवा भाजी फोडणीला टाकली होती, गॅस बंद करून गॅसच्या पावतीमागे लिहून ठेवलं. तू आयुष्यभर हे कशासाठी करतोस ते मला या वयात कळलं, आणि तुझं घेऊन कळलं. त्यामुळे तुझा राग मला समजतो. नाटक बंद करायचं असेल तर कर. माझी त्यावर काही मागणी नाही.

यापुढे लागेल तेवढंच उतरवणार. नोव्हेंबरच्या पाकिटातलं सगळं मी पाहिलं. एकाच चिटोऱ्यातले शब्द लागले, बाकी एकही नाही. ते असं आहे:

"रक्षिताला सांगायचं राहून गेलं की"

त्यापुढे रेघोट्या आहेत. मी खूप वेळ बघितल्या. त्यात काय आहे ते मला माहीत नाही आणि या वेळी मी काही घालणार नाही. ते चिटोरं सोबत ठेवलं आहे.

अक्का

•

शाहूपुरी
१९ जानेवारी २०२६

अक्का,

शरणार्थ. तुमच्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. आधी नाटकाचं सांगते, तुम्ही वाट बघत असाल.

विजयसिंह भावजी तीन वेळा येऊन बसले. हे ऐकेनात. शेवटी विजयसिंह भावजी म्हणाले, "बंद करतो, पण त्या तेजस्वीला तू सांग. मला तिच्या तोंडाकडं बघून सांगायला जमणार न्हाय." हे गेले तिला सांगायला आणि तालीम बघून परत आले. मला म्हणाले, "दोघांची नावं लाव म्हणून सांगितलंय. अक्काचं आधी." स्पर्धेत नंबर आला नाही. परीक्षकांना शेवट कळला नाही म्हणे. हे घरी येताना रिक्षात म्हणाले, शेवट माझा होता, तोच कच्चा राहिला. रागानं नाही म्हणाले.

तुमच्यावरचा राग गेला का ते मी सांगू शकत नाही. तुमचं नाव निघालं की अजून उठून दुसरीकडं जातात. पण संक्रांतीला तिळगूळ पाठवायची आठवण त्यांनीच केली. तब्येत तुम्हाला खरी सांगायची तर उतरती आहे. पुठ्ठा घेऊनही आता ओळ धरत नाही. हे त्यांना आता ठाऊक आहे, मीच सांगितलं. पेन अजून खिशात असतं.

आता त्या चिटोऱ्याचं. तुमचं पत्र मी सगळं वाचलं, काही गाळलं नाही. त्या वाक्याशी आले आणि थांबले. त्यांनी डोळे उघडले, म्हणाले, "पुढं?" मी म्हटलं, पुढं नाही. चिटोरं हातात दिलं. त्यांनी ते उलटं, सुलटं धरलं, रेघोट्यांवरनं बोट फिरवलं. बराच वेळ. मग म्हणाले, "आठवत न्हाय गं." मी म्हटलं, राहू दे. पण त्यांना ते लागून राहिलं. जेवताना विचारायचे, "काय असंल?" मी काय सांगणार? मलाही लागून राहिलं होतं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, सांगायचं राहण्यासारखं पुष्कळ असतं.

परवा दुपारी दुकानात कुणी नव्हतं. मी बिलं बघत होते. हे माझ्या उजवीकडं स्टूल ओढून बसले, म्हणजे त्यांच्या डाव्या बाजूला मी दिसावी म्हणून. म्हणाले, "ते काय होतं ते गेलं, रक्षिता. ते काय आता येत न्हाय. आता हाय ते सांगू?" मी पेन खाली ठेवलं. सांगताना तीन शब्द चुकले, एकदा तर मला पंप म्हणाले. दोघंही हसलो. पण पूर्ण सांगितलं. बाहेर ट्रकमधनं पाइप उतरत होते, म्हणून मी शटर अर्धं ओढून घेतलं आणि पुन्हा एकदा सांगायला लावलं.

समोर कागद होता. लिहून ठेवावं असं वाटलं, त्यांनीही कागदाकडं बघितलं. मी लिहिलं नाही. तुम्हालाही कळवत नाही, अक्का, वाईट वाटून घेऊ नका. ते माझ्यापाशी राहू दे. विसरायचं असेल तर मीच विसरेन.

रक्षिता